सहा गुंठे मेलबर्न

मावळात आता माणसाची ओळख करून देताना नाव, आडनाव आणि गाव एवढ्यावर भागत नाही. ‘यांनी कधी विकली?’ हेही सांगावं लागतं. एक्स्प्रेसवेच्या आधी विकली असेल तर ऐकणारा हळहळतो, नंतर विकली असेल तर खुर्ची पुढे करतो, आणि अजून विकलीच नसेल तर चहाबरोबर बिस्किटंही येतात. २००२ साली मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण सुरू झाला आणि ज्या खाचरात आम्ही गुडघाभर चिखलात इंद्रायणी भात लावायचो, त्याला ‘व्हॅली व्ह्यू’ असं नाव पडलं. वीतभर बांधावरून कोर्टकचेऱ्या करण्यात ज्यांच्या तीन पिढ्या खपल्या, त्यांची चौथी पिढी बांधासकट सगळं विकून मोकळी झाली. गळ्यात करंगळीच्या जाडीची साखळी, मनगटात कडं, दारात पांढरी गाडी. लोक त्यांना गुंठामंत्री म्हणू लागले.

या मंत्रिमंडळात माझा समावेश कधी झाला नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त मास्तर. मळवलीच्या पलीकडे आमचं गाव, तिथे राहतं घर आणि परसातला एक फणस एवढीच माझी इस्टेट. पण या लाटेत मी अगदीच कोरडा राहिलो असंही नाही. माझी सही ठसठशीत, स्वभाव भिडस्त आणि आधार कार्ड कायम वरच्या खिशात. त्यामुळे सकाळी दाढी करत असलो तरी दारात गाडी थांबायची आणि हाक यायची, ‘‘गुर्जी, चला वडगावला. एवढी एक साक्षीदाराची सही टाका की!’’ खरेदीखत, साठेखत, कुलमुखत्यारपत्र, बक्षीसपत्र, सगळ्यांच्या शेवटच्या पानावर मी आहे. ज्या कागदांवर मी सही केली त्यांच्या रकमांची बेरीज मांडली, तर मावळात माझ्याएवढा धनाढ्य माणूस सापडायचा नाही. मला त्यातली मिसळ मिळाली. व्यवहार कोटीच्या वर असेल तर वरून ताक.

त्यामुळे जावई फोनवर म्हणाले, ‘‘बाबा, या एकदा मेलबर्नला. अख्खं शहर सोन्याच्या लाटेवर उभं राहिलंय,’’ तेव्हा मी मनात म्हटलं, हा तर आपला विषय. मी पर्यटक म्हणून नव्हे, तज्ज्ञ म्हणून निघालो.

तयारीतच तज्ज्ञपणा सुरू झाला. लेकीने बजावलं होतं, ‘‘बाबा, इथे एका दिवसात चार ऋतू होतात. रेनकोट, स्वेटर, सगळं आणा.’’ मी हसलो. मेलबर्नचा वर्षाचा पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. लोणावळ्याच्या पट्ट्यात जुलै महिना मनावर घेतो तेव्हा तेवढा तीन-चार दिवसांत पडतो. ज्याने आयुष्यभर भिंतींना बुरशी आणि पापडांना दमटपणा पाहिला, त्याला पावसाचं काय सांगता? मी रेनकोट बॅगेतून काढून ठेवला. हिने गुपचूप माकडटोपी आत कोंबली. ही टोपी पुढे एका मोठ्या व्यवहारात कामी येणार होती, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पहिल्याच फेरफटक्याला सकाळी उत्तरेकडून असा गरम वारा सुटला होता की मी सुती सदरा घालून निघालो. ट्रामने शहराच्या मध्यात उतरलो. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या घुमटासमोर फोटो काढेपर्यंत वारा दक्षिणेला फिरला आणि पारा जो घसरला तो घसरतच गेला. आडवा पाऊस आला, दहा मिनिटांत गेला, ऊन पडलं आणि त्या उन्हात मी कुडकुडत उभा. आमच्याकडचा पाऊस दणदणीत, पण सरळमार्गी. हा फसवाफसवी करणारा. शेवटी समोरच्या आठवणवस्तूंच्या दुकानात शिरलो आणि छातीवर कांगारू असलेलं जाकीट विकत घेतलं. किमतीला पंचावन्नने गुणलं आणि आणखी थंडी वाजली. भुशी डॅमच्या रस्त्यावर मुंबईकर भिजल्यावर प्लॅस्टिकचे पातळ रेनकोट मागतील त्या भावाने घेतात, तेव्हा ‘काय ही माणसं!’ म्हणून मी कित्येक पावसाळे हसलो आहे. त्या सगळ्या मुंबईकरांचा हिशोब त्या दुकानात एकरकमी चुकता झाला.

पण शहर पाहताना मात्र मला घरच्यासारखं वाटू लागलं. १८३५ साली जॉन बॅटमन नावाचा गृहस्थ टास्मानियाहून इथे आला. नाव खरंच बॅटमन. नातवाने माझ्याकडे आदराने पाहिलं. त्याने इथल्या मूळच्या वुरुंजेरी लोकांच्या वडीलधाऱ्यांकडून सुमारे सहा लाख एकर जमीन लिहून घेतली. मोबदला काय? घोंगड्या, चाकू, कुऱ्हाडी, कात्र्या, आरसे आणि पीठ. एकराचे चाळीस गुंठे धरले तर दोन कोटी चाळीस लाख गुंठे, आणि त्यावर आरसा मोफत! मी दस्ताची नक्कल मोबाइलवर मोठी करून पाहिली. वडीलधाऱ्यांच्या निशाण्या होत्या आणि खाली साक्षीदारांच्या सह्याही होत्या. मी त्यांच्याकडे व्यवसायबंधूच्या नजरेने पाहिलं. त्यांना काय मिळालं असेल, मिसळ की नुसताच चहा? पुढे सिडनीच्या गव्हर्नरने तो व्यवहारच रद्द ठरवला. कारण असं नाही की विकणाऱ्यांची फसवणूक झाली; कारण असं की जमीन मुळात इंग्लंडच्या राजाची आहे. विकणारे गेले, घेणारा गेला आणि जमीन भलत्याच्याच नावावर चढली. असे फेरफार मीही पाहिलेत.

१८५१ मध्ये बॅलराट आणि बेंडिगोच्या बाजूला सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं लोटली. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया प्रांताची वस्ती दहा वर्षांत साधारण ७७ हजारांवरून ५ लाख ४० हजारांवर गेली. राहायला घरं नाहीत, म्हणून यारा नदीच्या दक्षिणेला तंबूंचं गावच वसलं. सरकारने त्या तंबूंवर आठवड्याला पाच शिलिंग भाडं लावलं. उघड्यावर झोपायचं, डास चावून घ्यायचे आणि वर पैसे द्यायचे! पवना धरणाच्या काठी शनिवारी रात्री तंबू ठोकून जे चालतं ते मला आधुनिक वाटत होतं. मेलबर्नने ते १८५२ सालीच करून टाकलं होतं. फरक एवढाच की तिथे लोक नाइलाजाने राहत, आपल्याकडे आधी बुकिंग करून राहतात.

सोन्याच्या पैशातून शहराने मात्र डोळे दिपतील अशा गोष्टी केल्या. १८५३ मध्ये विद्यापीठ, १८५६ मध्ये मोठं ग्रंथालय, आणि सोनं ठेवायला खजिन्याची भव्य इमारत. तिचा आराखडा काढणारा जे. जे. क्लार्क तेव्हा १९ वर्षांचा होता. तळघरातल्या तिजोरीच्या खोल्या पाहायला मी मोठ्या अपेक्षेने उतरलो. जाड भिंती, लोखंडी दारं, आत कोरडा गारवा. सोनं केव्हाच बोटीत बसून लंडनला गेलेलं. गुंठामंत्र्यांच्या घरी पुढेमागे हेच होणार, कपाट भक्कम आणि आत पावत्या, असा माझ्या मनात विचार आला. मी तो हिला ऐकवला. ही म्हणाली, ‘‘आपल्याकडे कपाट तरी कुठंय?’’

तिथून थोड्या अंतरावर एका उंच खांबावर ८८८ असे सोनेरी आकडे दिसले. मला वाटलं लॉटरीचं दुकान. जावयांनी सांगितलं, ते कामगारांचं स्मारक आहे. आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास झोप. १८५६ साली मेलबर्नच्या पाथरवटांनी हातातली हत्यारं खाली ठेवून मोर्चा काढला आणि आठ तासांचा दिवस मिळवला. मी तिथेच थबकलो. कारण १८५६ हे साल मला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्याच वर्षी आमच्या बोरघाटात रेल्वेचं काम सुरू झालं. तिथेही पाथरवटच होते. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल झाली, कंत्राटदार बदलला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, काम पुढे नेलं. १८६१ मध्ये त्या डोंगरावर ४२ हजार माणसं राबत होती. पटकीने किती गेली त्याचा स्मारकाचा खांब नाही. १८६३ मध्ये गाडी घाट चढली आणि लोणावळा नकाशावर आलं. तिकडे लोक स्वतःच्या सोन्यासाठी खणत होते, इकडे आमचे लोक दुसऱ्याच्या भाडेवसुलीसाठी. मी सिंहगड एक्स्प्रेसच्या दारात उभा राहून पंचवीस बोगदे मोजण्यात धन्यता मानली, फोडणाऱ्यांची आठवण काढली नाही. ती मेलबर्नच्या फूटपाथवर आली. हिने विचारलं, ‘‘काय झालं?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही, थंडी.’’

मग बॅलराट. शहरापासून शंभरेक किलोमीटरवर सोव्हरिन हिल नावाचं जुनं सोनेखाणींचं गाव त्यांनी पुन्हा उभारलं आहे. मातीचे रस्ते, घोडागाड्या, झालरीचे झगे घातलेल्या बायका. मध्ये एक ओढा, आणि त्यात घमेल्यासारखं पसरट भांडं घेऊन कुणीही वाळू धुवायची. सोनं सापडलं तर तुमचं. माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. गोरी मंडळी गुडघ्यावर, बुडावर, कशीही बसत होती. मी धोतराच्या काळापासूनचा उकिडवा बसणारा. ऐटीत बसलो, भांडं गोल फिरवलं, पाणी सांडलं, वाळू सांडली, पुन्हा भरलं. १८६९ मध्ये या मुलुखात दोघांना झाडाच्या मुळाशी, जमिनीच्या जेमतेम बोटभर खाली, सत्तर किलोंहून जड सोन्याचा गोळा मिळाला होता. गावातल्या तराजूवर मावेना म्हणून ऐरणीवर फोडून तोलला. मला तेवढा नको होता. नातवाच्या मुंजीपुरता चालला असता.

बराच वेळ गेल्यावर भांड्याच्या कडेला चार-पाच पिवळे कण चमकले. हळदीच्या बोटाने कागदाला स्पर्श करावा तेवढे. मी ओरडलोच. त्याच क्षणी मागून दुप्पट मोठा आवाज आला, ‘‘लायसन्स!’’ जुन्या काळच्या पोलिसाच्या गणवेशातला एक धिप्पाड माणूस हात पुढे करून उभा. सरकारी माणूस कागद मागतोय म्हटल्यावर माझा हात आपोआप शबनमकडे गेला. उकिडव्या अवस्थेतच मी पासपोर्ट काढला. तो नाही म्हणाला. व्हिसाची प्रिंट दिली. नाही. प्रवासी विमा, आधार कार्ड, शेवटी निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला. तो त्याने नीट वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. भोवती माणसं जमून फोटो काढू लागली तेव्हा नातू माझ्या कानात म्हणाला, ‘‘आजोबा, ते नाटक आहे.’’ उठायला गेलो तर गुडघे सरकारजमा झालेले. त्या पोलिसानेच मला काखेत हात घालून उभं केलं.

नाटक असलं तरी त्यामागची गोष्ट खरी. खणणाऱ्याला महिन्याला तीस शिलिंगांचा परवाना घ्यावा लागे, सोनं सापडो वा न सापडो. पोलीस खड्ड्याखड्ड्यात उतरून तो तपासत. अखेर ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे बॅलराटला युरेका इथे लाकडांचं कुंपण रचून बसलेल्या खाणकामगारांवर सैन्य चालून गेलं. लढाई अर्धा तासही चालली नाही, पण वीसहून अधिक माणसं मेली. पुढे पकडलेले लोक राजद्रोहाच्या खटल्यांतून सुटले, परवान्याऐवजी वर्षाला एक पौंड शुल्क आलं आणि त्यासोबत मताचा अधिकारही. कागदाच्या छळाला कंटाळून लोकांनी लोकशाही मिळवली. आपण कंटाळून एजंट गाठतो.

सोन्याचे ते कण मी छोट्या कुपीत भरले. कुपी अर्थातच विकत. तेवढ्यात एक ओळखीचा वास आला आणि मी वासामागे गेलो. गावातली सर्वांत लांब रांग सोन्यासाठी नव्हती, गोळ्यांसाठी होती. तांब्याच्या पातेल्यात साखरेचा पाक उकळत होता. कारागिराने तो लादीवर ओतला, कडा आत दुमडल्या, लालभडक रंग मळला आणि ऊन ऊन पट्टी दोन रुळांमधून सोडली. पलीकडून ठसे उठलेली चादर आली, ती त्याने आपटून फोडली आणि रासबेरीच्या गोळ्या टपाटपा सुट्या झाल्या. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानामागच्या खोलीत गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून टिचकी वाजवणारे हात मी लहानपणापासून पाहिलेत. मी न राहवून त्याला म्हटलं, ‘‘पाक अजून थोडा चढायला हवा होता.’’ तो हसून म्हणाला, ‘‘साहेब, रांगेतून या.’’ मी रांगेतून गेलो आणि कुपीतल्या सोन्याच्या कितीतरी पट किमतीच्या गोळ्या घेऊन बाहेर पडलो.

सोन्याच्या लाटेचं सगळं अर्थशास्त्र त्या रांगेत होतं. खणणारे आले आणि गेले, गोळीवाला अजून पाक उकळतोय. घाट फोडणारे ४२ हजार पांगले; घाटातून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या जिवावर चिक्की मात्र घरोघर पोचली. मावळात ज्यांनी जमिनी विकल्या त्यांच्यातले किती जण आता त्याच जमिनीवरच्या बंगल्यांची राखण करतात हे मला ठाऊक आहे, आणि एक्स्प्रेसवे तुंबला की वडापाववाल्याच्या चेहऱ्यावर काय तेज येतं, तेही. एवढं ज्ञान मिळाल्यावर माणसाने थांबायला हवं होतं.

शनिवारी सकाळी नातवाला घेऊन कोथिंबीर आणायला निघालो. थंडी होती म्हणून माकडटोपी घातली. कोपऱ्यावरच्या एका घरासमोर रस्त्यातच शेपन्नास माणसं जमलेली, आणि सूट घातलेला एक तरुण हातवारे करून ओरडत होता. मेलबर्नमध्ये घरांचे लिलाव असे भर रस्त्यात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षीने होतात. साक्षीने! माझे पाय आपोआप वळले. शेजारी एक वयस्कर सरदारजी उभे होते. मी विचारलं, जमीन किती? ते म्हणाले, सहाशे चौरस मीटर. मी म्हटलं, म्हणजे सहा गुंठे. त्यांना गुंठा कळेना, मला त्यांचा मरला कळेना. गुंठ्याला चार मरले, हे ठरेपर्यंत बोली तेरा लाख डॉलरपर्यंत चढली होती आणि आवाज इतका वाढला होता की सरदारजींनी कानाला हात लावून विचारलं, ‘‘कितने?’’

मी पंजा उघडून हात उंच केला. पाच. आणि लगेच दुसऱ्या हाताचं एक बोट. सहा.

‘‘टोपीवाल्या गृहस्थांकडून पाच हजार!’’ सूटवाला गरजला. ‘‘आणि आणखी एक? नको साहेब, सध्या तुमचीच बोली सर्वांत वर आहे!’’

लोक हसले. मीही हसलो, कारण मला वाटलं टोपीवाला दुसरा कुणीतरी आहे. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. सात कोटी रुपयांच्या पुढचं घर, आणि माझ्या खिशात कोथिंबिरीपुरती नाणी. हात खाली घ्यावा तर ती बोली वाटेल, वर ठेवावा तर तीही बोलीच. मान हलवायचीही सोय नाही. आपली मान कुठल्या दिशेला हलते यावर तिथे आधीच एकमत नाही. मी दोन्ही हात वर धरून पांडुरंगासारखा, पण विटेविना, उभा राहिलो. ‘‘पहिली वेळ...’’ तो म्हणाला. नातवाने माझ्या जाकिटाचा कांगारू ओढला. ‘‘आजोबा, तुम्ही घर घेतलंत?’’ ‘‘दुसरी वेळ...’’

समोरच्या तरुण जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं आणि त्यातल्या मुलीने दहा हजार वाढवले. आयुष्यात कुणाचं इतकं भलं चिंतलं नव्हतं. सूटवाला माझ्याकडे वळला, ‘‘साहेब?’’ मी डोळे मिटून घेतले. हातोडा पडल्याचा आवाज ऐकूनच उघडले. ते जोडपं माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होतं, तिचा अर्थ नातवाला सांगण्यासारखा नव्हता. सरदारजींनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘‘घबराओ मत जी, गवाह के दस्तखत मैं कर देता!’’

घरी लेकीने शांतपणे माहिती दिली की इथे बोली लावायला आधी नाव नोंदवावं लागत नाही, आणि लिलावात घर पदरात पडलं की विचार बदलायला मुदत मिळत नाही. मग तिने कोथिंबीर कुठे आहे विचारलं.

या शहराची ही सवय जुनी आहे. सोनं ओसरल्यावर १८८०च्या दशकात मेलबर्नने जमिनीचा बाजार मांडला. १८८५ साली लंडनहून आलेल्या जॉर्ज ऑगस्टस सालाने शहराचं ‘मार्व्हलस मेलबर्न’ असं बारसं केलं. गावाबाहेरचे प्लॉट खपवायला लोकांना फुकट आगगाडीने नेत, मांडवात जेवण घालत, वर शँपेन पाजत, आणि मग लिलाव पुकारत. भाव चढतच राहतील याबद्दल कुणालाही शंका नव्हती. १८९३ मध्ये एकामागून एक बँकांनी दारं लावली.

मावळात साइट दाखवायला नेणाऱ्या गाड्या दर रविवारी येतात. गाडी फुकट असते, जेवणही फुकट असतं, शँपेनच्या जागी मठ्ठा. जेवण खरोखर चांगलं असतं, तेव्हा संकोच करू नका. पोटभर जेवा, हात धुवा, आणि घरी पोचेपर्यंत ते दोन्ही हात खिशात ठेवा.